नव्वद अंशांच्या अलीकडे आणि पलीकडे

घराचा पाया खणण्याआधी जमिनीवर आखणी होते, तेव्हा गवंडी कोनमापक काढत नाही. कोपऱ्यावर एक खुंटी ठोकतो. तिथून निघालेल्या एका दोरीवर तीन फुटांवर खूण करतो, दुसरीवर चार फुटांवर, आणि त्या दोन खुणांमधले अंतर टेपने मोजतो. बरोबर पाच फूट भरले तर कोपरा काटकोनात आहे. पाचाच्या वर गेले तर कोपरा फाकला आहे, दोरी आत घ्यायची. पाचाच्या खाली राहिले तर कोपरा मिटला आहे, दोरी बाहेर सारायची. जागा मोठी असेल तर सहा, आठ, दहा घेतात, म्हणजे चूक लवकर उघडी पडते.

पाच, पाचाहून जास्त, पाचाहून कमी या तीन शक्यता म्हणजेच शाळेच्या पुस्तकातले तीन त्रिकोण: काटकोन, विशालकोन आणि लघुकोन. पुस्तकात त्यांचा एक तक्ता असतो. तीन चौकटी, तीन आकृत्या, प्रत्येकीखाली एक ओळ. तिन्ही कोन ९० अंशांपेक्षा लहान तो लघुकोन त्रिकोण, एक कोन बरोबर ९० अंशांचा तो काटकोन त्रिकोण, एक कोन ९० पेक्षा मोठा तो विशालकोन त्रिकोण. मुले पाठ करतात, परीक्षेत लिहितात, पुढे जातात. त्या तक्त्यातले एकही वाक्य चुकीचे नाही. पण सारख्या मापाच्या तीन चौकटी पाहून असे वाटते की त्रिकोणांच्या तीन सारख्या जाती आहेत, आणि तसे मुळीच नाही. लघुकोन आणि विशालकोन हे दोन प्रदेश आहेत. काटकोन ही त्यांच्यामधली रेघ. ही रेघ ओलांडताना त्रिकोणात जे काही बदलते, ते या वर्गीकरणाचे खरे मोल आहे असे मला वाटते, आणि नेमके तेच शिकवायचे राहून जाते.

आधी एक साधी गोष्ट स्पष्ट करून घेऊ. त्रिकोणाचे नाव त्याच्या सर्वांत मोठ्या कोनावरून पडते. कित्येक मुले आकृतीतला पहिला दिसेल तो कोन बघतात, तो लहान दिसला की 'लघुकोन' लिहून मोकळी होतात. पण प्रत्येक त्रिकोणात किमान दोन कोन लघुकोन असतातच. त्रिकोणाचा एकच कोपरा उघडा ठेवून बाकीचा भाग कागदाने झाकला आणि तो कोपरा ४० अंशांचा निघाला, तर त्यावरून त्रिकोणाबद्दल काहीच ठरत नाही. तो ९० किंवा ११० अंशांचा निघाला, तर मात्र सगळेच ठरले. एका शिक्षकाला पाच मिनिटांत घेता येईल असा हा खेळ आहे, आणि तो घेतला तर तक्ता पाठ करावा लागत नाही.

दोन कोन लघुकोन असलेच पाहिजेत, कारण तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश. दोन कोन ९० किंवा त्याहून मोठे धरले तर तिसऱ्यासाठी काही उरतच नाही. ही बेरीज १८० का, हेही एका रेघेत दिसते. वरच्या शिरोबिंदूतून पायाला समांतर रेघ काढा. पायाजवळचे दोन कोन व्युत्क्रम कोन म्हणून वर जाऊन बसतात, आणि तिन्ही मिळून सरळ कोन होतो. युक्लिडने आपल्या 'एलिमेंट्स'मध्ये, म्हणजे इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास, हे सिद्ध केले. ते सपाट कागदावरच खरे आहे. पृथ्वीच्या गोलावर उत्तर ध्रुवापासून ग्रीनिचच्या रेखावृत्तावरून विषुववृत्तापर्यंत खाली या, विषुववृत्तावरून ९० अंश पूर्वेला जा, तिथून पुन्हा ध्रुवाकडे वळा. तीन बाजूंचा बंद आकार झाला आणि त्याचे तिन्ही कोन काटकोन, बेरीज २७०. आपले तीन चौकटींचे वर्गीकरण तिथे लागू पडत नाही.

युक्लिडची काटकोनाची व्याख्या मुद्दाम पाहण्यासारखी आहे. तिच्यात अंश नाहीत. एका रेषेवर दुसरी रेषा उभी केली आणि तिच्या दोन्ही बाजूंचे कोन सारखे झाले, तर ते काटकोन. त्याहून मोठा तो विशालकोन, लहान तो लघुकोन. वर्तुळाचे ३६० भाग करण्याची रीत बाबिलोनकडून आली. उद्या कोणी वर्तुळाचे ४०० भाग केले तर काटकोन १०० चा होईल, पण राहील तोच. ६० किंवा १२० अंशांचे कोन सांगायला काहीतरी मोजावे लागते. काटकोन दोन्हीकडच्या समानतेतूनच जन्माला येतो. म्हणून वर्गीकरणाची सीमा तिथे आहे.

आता एक आकृती काढू. या लेखात दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, ही आकृती राहावी. कागदावर अब हा रेषाखंड घ्या. अ आणि ब या दोन्ही टोकांतून त्याला लंब रेषा काढा, वर आणि खाली दोन्हीकडे. अब हा व्यास धरून एक वर्तुळ काढा. आता क हा तिसरा बिंदू कागदावर कुठेही ठेवा. तो वर्तुळाच्या आत पडला तर क जवळचा कोन विशालकोन. तो अ च्या लंबरेषेच्या पलीकडे गेला तर अ जवळचा कोन विशालकोन. ब च्या पलीकडे गेला तर ब जवळचा. दोन लंबरेषांमधल्या पट्ट्यात, पण वर्तुळाच्या बाहेर पडला, तरच त्रिकोण लघुकोन. आणि काटकोन? त्यासाठी क ला त्या दोन लंबरेषांवर किंवा वर्तुळाच्या परिघावर नेमके बसावे लागते. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो हे आपण शाळेत शिकलेलो असतो. इथे ते सीमारेषेचा एक तुकडा म्हणून दिसते.

ही आकृती समोर आली की तक्त्यातल्या तीन चौकटींचे खरे आकार कळतात. विशालकोन त्रिकोणांकडे पट्ट्याच्या दोन्ही बाजूंचा सगळा कागद आहे, शिवाय मधले वर्तुळ. लघुकोनांकडे पट्ट्याचे दोन तुकडे. काटकोनांकडे नुसत्या रेघा, ज्यांना क्षेत्रफळच नाही. डोळे मिटून क ठेवला तर तो नेमका रेघेवर पडण्याची संभाव्यता शून्य. पुस्तकाची पानेच्या पाने ज्या त्रिकोणाने भरलेली असतात, कंपासपेटीतले दोन्ही गुण्ये ज्या आकाराचे असतात, तो त्रिकोण योगायोगाने कधीच हाती लागत नाही. तो घडवावा लागतो, आणि म्हणूनच गवंड्याला दोरी पुन्हापुन्हा ओढावी लागते.

मग यदृच्छेने काढलेला त्रिकोण विशालकोन असण्याची संभाव्यता किती? हा प्रश्न लुईस कॅरलने विचारला होता. 'ॲलिस'च्या गोष्टी लिहिणारा कॅरल ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवत असे. रात्री झोप येत नसताना मनातल्या मनात सोडवलेली ७२ गणिते त्याने १८९३ मध्ये पुस्तकरूपाने छापली, त्यातले ५८ वे हे. अमर्याद प्रतलावर तीन बिंदू कसेही घेतले तर विशालकोन त्रिकोण होण्याची संभाव्यता किती, असा प्रश्न. त्याची युक्ती अशी: अब ही सर्वांत मोठी बाजू माना. म्हणजे क हा अ पासून आणि ब पासून अब पेक्षा दूर जाऊ शकत नाही, आणि दोन मोठ्या वर्तुळांच्या छेदातल्या भिंगासारख्या भागात अडकतो. त्या भागातला अब व्यासाच्या वर्तुळाचा हिस्सा काढला की उत्तर सुमारे ०.६४ येते. युक्ती सुंदर आहे, पण अब ही मधल्या लांबीची बाजू मानली तर तितक्याच सरळ रीतीने उत्तर ०.८२ येते. अमर्याद प्रतलावर 'कसेही तीन बिंदू' याला निश्चित अर्थच नाही, ही यातली मेख.

अर्थ निश्चित केला तर उत्तरही निश्चित मिळते. वर्तुळाच्या परिघावर तीन बिंदू कसेही घ्या. त्यांचा त्रिकोण लघुकोन तेव्हाच असतो जेव्हा वर्तुळाचे केंद्र त्रिकोणाच्या आत येते. पहिल्या दोन बिंदूंच्या अगदी समोरचे, व्यासाच्या दुसऱ्या टोकाचे बिंदूही मनात धरा. प्रत्येक जोडीतला एकेक बिंदू निवडायचा तर चार निवडी होतात, आणि तिसरा बिंदू तोच ठेवला तर त्या चारांपैकी एकाच निवडीत केंद्र आत येते. म्हणजे लघुकोन एक चतुर्थांश, विशालकोन तीन चतुर्थांश. पुस्तकात मात्र विशालकोन त्रिकोण कोपऱ्यात एकदा दिसतो आणि पुन्हा भेटत नाही. नुसते 'त्रिकोण काढा' म्हटले की बहुतेक हात तिन्ही कोन लहान असलेली, आडव्या पायावर बसलेली आकृती काढतात. त्या सवयीचा तोटा पुढे होतो, तो आता पाहू.

गवंड्याच्या दोरीकडे परत जाऊ. तीनचा वर्ग ९, चारचा १६, बेरीज २५, पाचचा वर्ग. ही आणि अशी आणखी त्रिकुटे आपल्याकडे बौधायनाच्या शुल्बसूत्रात आहेत: ५ आणि १२, ८ आणि १५, ७ आणि २४, १२ आणि ३५ या बाजूंच्या आयतांचे कर्ण पूर्णांकात येतात, हे तिथे नोंदवलेले आहे. यज्ञवेदीची आखणीही दोरीनेच होत असे. पायथागोरसच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धांत बरोबरीचा आहे. पण दोरी जास्त किंवा कमी भरली, तर? सर्वांत मोठ्या बाजूचा वर्ग बाकीच्या दोघींच्या वर्गांच्या बेरजेपेक्षा मोठा असेल तर विशालकोन, लहान असेल तर लघुकोन. ५, ६, ७ बाजूंचा त्रिकोण घ्या: ४९ आणि ६१, म्हणून लघुकोन. ५, ६, ८ घ्या: ६४ आणि ६१, म्हणून विशालकोन. हा दुसरा त्रिकोण काढून पाहावा. त्याचा मोठा कोन ९३ अंशांना किंचित कमी आहे. डोळा त्याला खुशाल काटकोन म्हणेल, कोनमापकानेही कोणी दोन-तीन अंश इकडेतिकडे वाचेल. वर्गांची तुलना फसत नाही. इयत्ता सहावी-सातवीच्या मुलांना कोनमापकाबरोबर ही कसोटीही द्यावी, असे मला फार वाटते.

जास्त म्हणजे किती जास्त, हेही युक्लिडने सांगून ठेवले आहे, पण त्यासाठी त्याला दोन वेगळी प्रमेये लिहावी लागली. दुसऱ्या खंडातले बारावे प्रमेय विशालकोन त्रिकोणाचे, तेरावे लघुकोनाचे. एकात काही मिळवायचे, दुसऱ्यात तितकेच वजा करायचे. कारण ऋण संख्या त्याच्याकडे नव्हत्या, आणि या दोन त्रिकोणांत शिरोलंब वेगळ्या ठिकाणी पडतो. लघुकोन त्रिकोणात शिरोबिंदूतून टाकलेला लंब समोरच्या बाजूवरच उतरतो. विशालकोन त्रिकोणात, विशालकोनाला लागून असलेल्या बाजूवर टाकलेला लंब बाजूवर पडतच नाही. बाजू वाढवून घ्यावी लागते आणि लंब त्रिकोणाच्या बाहेर उतरतो. आकृती काढायच्या सवयीचा तोटा इथे दिसतो. 'उंची' म्हटली की ती त्रिकोणाच्या पोटातच असली पाहिजे असे मनात बसलेले असते, आणि बाहेर पडलेला लंब पाहून नववीतला मुलगाही बिचकतो.

या बिचकण्यावरचे उत्तर आपल्याकडे १२व्या शतकात लिहिले गेले. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे ११५० मध्ये, 'सिद्धांतशिरोमणी' रचला. 'लीलावती' हा त्यातला अंकगणिताचा आणि क्षेत्रगणिताचा भाग. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या विज्जलविड नावाच्या गावी आपले घराणे असल्याचे त्यांनी सांगितले आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या, भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेल्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची नावे आहेत. त्यांचा नातू चांगदेव याने भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केल्याची १२०७ ची नोंदही तिथेच आहे. म्हणजे पुढचे उदाहरण खानदेशात कोणीतरी विद्यार्थ्यांना फळ्यासारख्या पाटीवर धूळ पसरून शिकवले असणार, असे मानायला जागा आहे.

'लीलावती'त आधी एक सरळ त्रिकोण येतो: पाया १४, बाजू १३ आणि १५. लंब पायाचे दोन तुकडे करतो, त्यांना आबाधा म्हणतात. त्या काढायची रीत अशी: दोन बाजूंची बेरीज गुणिले त्यांची वजाबाकी, भागिले पाया. २८ गुणिले २ भागिले १४, म्हणजे ४. हा दोन आबाधांमधला फरक. पायात तो मिळवून निम्मे केले की ९, वजा करून निम्मे केले की ५. लंब १२, क्षेत्रफळ ८४. सगळे सुबक.

मग भास्कराचार्य दुसरा त्रिकोण देतात: बाजू १० आणि १७, पाया ९. रीत तीच. २७ गुणिले ७ भागिले ९, म्हणजे २१. हा फरक पायापेक्षाच मोठा! ९ मधून २१ जात नाहीत. इथे एखादा म्हणाला असता की ही रीत या त्रिकोणाला लागू नाही, यासाठी वेगळा नियम घ्या. भास्कराचार्य तसे म्हणत नाहीत. २१ मधून ९ वजा करा, निम्मे करा, ६ येतात. ही आबाधा ऋण आहे, आणि ऋण याचा अर्थ ती उलट दिशेला आहे, असे ते आपल्या स्पष्टीकरणात सांगतात. दुसरी आबाधा १५. लंबाचा पाय पायाच्या टोकाबाहेर ६ वर पडला. लंब ८, क्षेत्रफळ ३६. पडताळून पाहा: ६ आणि ८ यांच्या वर्गांची बेरीज १००, १५ आणि ८ यांच्या वर्गांची २८९. दोन्ही बाजू जुळतात.

हा त्रिकोण विशालकोन आहे. त्याचा मोठा कोन सुमारे १२७ अंशांचा. भास्कराचार्यांनी कोन मोजला नाही, मोजायची गरजही पडली नाही. वजाबाकीचे चिन्हच सांगून गेले की आपण सीमेच्या पलीकडे आलो आहोत. ऋण संख्यांचे बेरीज-गुणाकाराचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्येच लिहिले होते. पण त्या चिन्हाला कागदावरची दिशा देणे, 'उलटीकडे मोजा' असे म्हणणे, यात पुढे येणाऱ्या निर्देशक भूमितीची चाहूल आहे. युक्लिडच्या दोन प्रमेयांचे इथे एकच प्रमेय होते. युक्लिडचे बारावे प्रमेय याच आकड्यांवर लावून पाहा: ८१ अधिक १००, अधिक ९ आणि ६ यांच्या गुणाकाराची दुप्पट १०८, एकूण २८९. आज शिकवले जाणारे कोसाइनचे सूत्र हेच. कोसाइन लघुकोनाला धन, काटकोनाला शून्य, विशालकोनाला ऋण असतो. शून्य ही सीमा, आणि तिच्या दोन बाजूंना दोन चिन्हे. (युक्लिडचा ग्रंथ संस्कृतात आला तो बराच नंतर, १८व्या शतकात. सवाई जयसिंहाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाने नसीरुद्दीन तूसीच्या अरबी पाठावरून 'रेखागणित' लिहिला. तेव्हा भास्कराचार्यांसमोर युक्लिडची ती दोन प्रमेये नव्हती.)

बाहेर जाणारा फक्त शिरोलंब नाही. त्रिकोणाच्या तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचे केंद्र, म्हणजे परिकेंद्र, लघुकोन त्रिकोणात आत असते. एक कोन मोठा करत नेला की ते समोरच्या बाजूकडे सरकते, काटकोन होताच बरोबर कर्णाच्या मध्यावर येते, आणि कोन आणखी वाढला की बाजू ओलांडून बाहेर पडते. याला व्यवहारातही अर्थ आहे. तीन गावांसाठी एक दवाखाना बांधायचा आहे आणि सर्वांत लांबच्या गावाचे अंतर कमीत कमी हवे. गावांचा त्रिकोण लघुकोन असेल तर दवाखाना परिकेंद्रावर बांधावा. तिन्ही गावांना सारखे अंतर. त्रिकोण विशालकोन असेल तर सारख्या अंतराचा हट्ट धरणे चूक ठरते. परिकेंद्र बाहेर दूर गेलेले असते, आणि सर्वांत लांब असलेल्या दोन गावांच्या मधोमध बांधलेला दवाखाना तिन्ही गावांना जवळ पडतो. निकष बदलला, म्हणजे तिन्ही गावांच्या अंतरांची बेरीज कमीत कमी हवी असेल, तर मात्र सीमा सरकते. मोठा कोन १२० अंशांपेक्षा लहान असेपर्यंत जागा आत कुठेतरी असते. १२० किंवा त्याहून मोठा झाला की त्या कोपऱ्यावरच्या गावातच बांधणे सर्वांत चांगले. हा प्रश्न फर्माने घातला आणि टॉरिचेलीने १७व्या शतकात सोडवला.

मोजणीच्या कामात विशालकोन त्रिकोणाबद्दल नेहमीच सावधगिरी असे. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ एक पायारेषा मोजून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली. एक बाजू साखळीने मोजायची, पुढच्या सगळ्या बाजू फक्त कोन मोजून काढायच्या. अशा वेळी त्रिकोणाचा आकार महत्त्वाचा. बाजूसमोरचा कोन ६० अंशांचा असेल तर कोन मोजण्यातली एक मिनिटाची चूक एक किलोमीटरला सुमारे १७ सेंटीमीटर भोवते. तोच कोन ५ अंशांचा असेल तर तीच चूक सव्वातीन मीटरच्याही वर जाते. एक कोन १५० चा झाला की बाकी दोघांना मिळून ३० च उरतात, आणि घात त्या चिंचोळ्या कोनांमुळे होतो. म्हणून सर्वेक्षक डोंगरमाथे असे निवडत की त्रिकोण शक्यतो समभुजाच्या जवळ राहावा. लॅम्बटन हे काम करत करत उत्तरेकडे सरकला आणि १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याचे त्रिकोण इतके मोठे होते की कोनांची बेरीज १८० पेक्षा किंचित जास्त येणे त्याला हिशेबात धरावे लागे. पृथ्वीवर साधारण १९७ चौरस किलोमीटरच्या त्रिकोणामागे एक सेकंद इतकी ती वाढ असते.

काटकोनाची सीमा ग्रीकांना आणखी एका ठिकाणी दिसली होती. काटकोन त्रिकोण काटकोनालगतच्या एका बाजूभोवती फिरवला की शंकू तयार होतो. शंकूच्या टोकाचा कोन लघु, काट किंवा विशाल असू शकतो. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात मिनेक्मसने शंकूच्या तिरक्या धारेला काटकोनात छेद घेण्याची रीत वापरली, असे मानले जाते. लघुकोन शंकूवर असा छेद घेतला की पलीकडची धार कापली जाते आणि लंबवर्तुळ मिळते. काटकोन शंकूवर छेद पलीकडच्या धारेला समांतर जातो, कधीच मिळत नाही, तो अन्वस्त. विशालकोन शंकूवर छेद पलीकडच्या धारेपासून दुरावत जातो, तो अपास्त. आर्किमिडीज अन्वस्ताला 'काटकोनी शंकूचा छेद' असेच म्हणतो. पुढे अपोलोनियसने दाखवले की कोणत्याही एका शंकूवर छेदाचा कल बदलून तिन्ही वक्र मिळतात, आणि ही नावे मागे पडली. पण नाते टिकले. पृथ्वीच्या पृष्ठभागावरून सेकंदाला ११.२ किलोमीटरपेक्षा कमी वेगाने सोडलेली वस्तू लंबवर्तुळात बांधलेली राहते, जास्त वेगाने सोडलेली अपास्तावरून कायमची निघून जाते, आणि बरोबर त्या वेगाला, दोन्हींच्या सीमेवर, अन्वस्त असतो. हवेचा विरोध अर्थातच बाजूला ठेवून.

शेवटी एक असा प्रश्न जो ऐकायला सोपा आहे आणि अजून सुटलेला नाही. कॅरमचा बोर्ड चौकोनीऐवजी त्रिकोणी आहे, त्याला भोके नाहीत आणि पावडर इतकी उत्तम की स्ट्रायकर कधी थांबतच नाही, असे समजा. कडेवर तो ज्या कोनात आदळतो त्याच कोनात परततो. त्याला अशा रीतीने मारता येईल का, की काही टप्प्यांनंतर तो पुन्हा त्याच जागी, त्याच दिशेने येईल आणि तोच मार्ग कायम फिरत राहील?

बोर्ड लघुकोन असेल तर उत्तर जिओव्हानी फान्यानोने १७७५ मध्ये अभ्यासलेल्या एका लहान त्रिकोणात आहे. तिन्ही शिरोलंबांचे पाय जोडा. तयार होणारा आतला त्रिकोण हाच स्ट्रायकरचा मार्ग. बसवता येणाऱ्या सगळ्या त्रिकोणांत त्याची परिमिती सर्वांत कमी असते. काटकोनी बोर्डवर हा लहान त्रिकोण मिटून एक रेघ होतो, पण दुसरी युक्ती चालते: कर्णापासून काटकोनात मारलेला स्ट्रायकर उरलेल्या दोन कडांवर आपटून पुन्हा कर्णाकडे काटकोनातच येतो आणि आल्या वाटेने परत फिरतो. विशालकोनी बोर्डवर फान्यानोचा मार्ग बोर्डाबाहेर जातो, कारण 'लीलावती'तल्या त्या ९, १०, १७ च्या त्रिकोणाप्रमाणे शिरोलंबांचे पाय बाहेर पडतात.

मग विशालकोनात काय? कोन परिमेय असतील, म्हणजे पूर्णांकांत किंवा साध्या अपूर्णांकांत अंश सांगता येत असतील, तर असा मार्ग असतोच, हे हॉवर्ड मेझरने १९८६ मध्ये सिद्ध केले. समद्विभुज त्रिकोणातही तो असतो. रिचर्ड श्वार्ट्झने संगणकाची मदत घेऊन दाखवले की मोठा कोन १०० अंशांपर्यंत असलेल्या प्रत्येक त्रिकोणात मार्ग सापडतो. त्याचा हा निष्कर्ष २००९ मध्ये छापला गेला. पुढे २०१८ मध्ये जॉर्ज टोकार्स्की आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ही मर्यादा ११२.३ अंशांपर्यंत नेली. प्रत्येक पाऊल म्हणजे असंख्य त्रिकोणांचे लहान लहान गट करायचे, प्रत्येक गटासाठी एक मार्ग शोधायचा, आणि कोणताही त्रिकोण सुटला नाही हे तपासायचे. ११२.३ अंशांच्या पलीकडे, कोन अपरिमेय असलेल्या विशालकोन त्रिकोणात असा मार्ग नेहमी असतो की नाही, हे आज कोणालाही सांगता येत नाही.